अंधारीतून बाहेर पडलेली पोरं पुन्हा रांगेत का लागतात?

पत्र थोडक्यात: लातूर जिल्ह्यातले एक शिक्षक लिहितात. वय ४३, जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी. गेली १५ वर्षं सुट्टीच्या दिवशी गावोगाव जाऊन ते बुवाबाजीचे प्रयोग करून दाखवतात. लिंबातून रक्त काढायचं, नारळ आपोआप पेटवायचा आणि मग त्यातलं रसायन उघड करायचं. भूत नाही, करणी नाही, भानामती नाही, हे सांगून त्यांचा घसा बसला आहे. आणि याच गुरुजींच्या लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात वर्तमानपत्राची कव्हरं घातलेली साठेक पुस्तकं आहेत. सगळी भुताखेतांची. हा नाद आठवीपासूनचा. एका ओळीत त्यांनी असंही लिहिलंय की भूकंप झाला तेव्हा ते सहावीत होते, नंतर घरचे सगळे पत्र्याच्या शेडमध्ये राहिले आणि पहिलं पुस्तक तिथेच कुणाकडून तरी मिळालं. यंदा दिवाळीच्या साफसफाईत सातवीतल्या मुलीच्या हाती तो कप्पा लागला. तिने विचारलं, "पप्पा, भूत नसतं म्हणता ना? मग हे कशाला वाचता?" त्यांना उत्तर सुचलं नाही. मुलीने लपून दोन पुस्तकं वाचली, चार रात्री दिवा चालू ठेवून झोपली, आणि आता अंगणातल्या बाथरूमला जायला तिला आजी सोबत लागते. बायको म्हणते, आधी ती पुस्तकं घराबाहेर काढा. एक सहकारी म्हणाला, "दिवसा भुतं घालवायची अन् रात्री बोलवायची, बरंय की गुरुजी!" रद्दीवाल्याला बोलावलं होतं, पण ऐनवेळी "पुढच्या रविवारी या" म्हणून परत पाठवलं. त्यांचे प्रश्न तीन. मी ढोंगी आहे का? भीतीत मजा वाटते म्हणजे माझ्यात काही बिघाड आहे का? आणि मुलीला थांबवू का?

गुरुजी,

रद्दीवाल्याला परत पाठवलंत ते बरं केलंत. पुढच्या रविवारी आला तर त्याला फक्त ती वर्तमानपत्राची कव्हरं द्या. का, ते सांगते.

तुम्ही मराठवाड्यातले शिक्षक, म्हणजे दौलताबादच्या सहलीतून तुमची सुटका झाली नसणार. तिथली अंधारी आठवा. कातळात कोरलेली, वळणं घेत वर चढणारी वाट. आमची सहल गेली तेव्हा मीही सातवीत होते. पुढे टेंभा घेतलेला गाईड, मागे आम्ही ४२ मुली आणि सगळ्यात शेवटी आमच्या बाई. वटवाघळांचा उग्र वास, पायाखाली काहीतरी ओलसर. एका वळणावर गाईड थांबला आणि म्हणाला, "शत्रू इथवर आला की त्याला उजेड दिसायचा. उजेडाकडं पळाला, की थेट खंदकात." एवढं बोलून त्याने टेंभा वळणाआड नेला. अंधार असा, की डोळे उघडे आहेत की मिटलेत ते हात लावून बघावं. कुणीतरी किंचाळलं, मग सगळ्याच किंचाळलो. मैत्रिणीची नखं माझ्या मनगटात रुतली; त्याच्या चार चंद्रकोरी परतीच्या बसमध्येही दिसत होत्या. टेंभा परत आला तेव्हा आम्ही हसत होतो. पलीकडच्या तोंडाने उन्हात आलो आणि निम्म्या वर्गाचं एकच, "बाई, अजून एकदा!"

ही वाट ज्यांनी कोरली त्यांनी ती माणसं मारायला कोरली होती. वळणं तीच, अंधार तोच, वटवाघळंसुद्धा त्यांच्याच वंशातली असतील. चालून आलेल्या सैनिकाची बोबडी वळत असेल त्याच जागी आम्ही खिदळत होतो. आमच्याकडे त्याच्यापेक्षा जास्त काय होतं? पलीकडचं तोंड उघडं आहे हे ठाऊक होतं. बाईंनी डोकी मोजली होती. आणि हातात कुणाचा तरी हात होता.

एक मुलगी मात्र बसपर्यंत रडत आली. तिची दशमी डब्यात तशीच राहिली. सगळ्या तिला भित्री म्हणून चिडवत होत्या, मीही. फार नंतर कळलं की त्या गडबडीत तिचा हात सुटला होता. ती तेवढी मिनिटभर खरोखर अंधारीत होती. आम्ही नव्हतो.

तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं मला या वाटेवरच सापडतात, म्हणून एवढं लांबण लावलं.

ढोंगाचं आधी संपवू, कारण त्यात फारसा दम नाही. तुम्ही धरून चाललाय की भुताच्या गोष्टीत रमणारा माणूस आतून थोडाफार भूत मानत असणार. मला उलट दिसतं. आमची थोरली काकू खरोखर मानायची. तिच्यासमोर तिन्हीसांजेला 'हडळ' हा शब्द काढायची सोय नव्हती. तोंडावर हात यायचा. तिने जन्मात एक भयकथा वाचली नाही, कुणी सांगू लागलं तर उठून जायची. विंचवाची गोष्ट विंचू चावत असताना कोण ऐकेल? भुताची गोष्ट चवीनं वाचायची तर भूत नसतं याची आत कुठेतरी खात्री असावी लागते. ती तुमची पक्की आहे, म्हणून तुम्ही साठ पुस्तकं पचवलीत.

मराठीत ज्यांनी हा प्रांत गाजवला ते नारायण धारप विज्ञानकथाही तितक्याच मन लावून लिहायचे. गूढकथा लिहून वाचकांची झोप उडवणाऱ्या रत्नाकर मतकरींनी आयुष्यभर मुलांसाठी नाटकं केली आणि उतारवयात ठाण्याच्या वस्त्यांमधल्या पोरांसाठी 'वंचितांचा रंगमंच' उभा केला. यातला कुणी अंगारा-धुपारा करायला सांगत फिरला नाही.

आणि आपल्याकडे हे काही नवीन नाही. नाट्यशास्त्रात आठ रस सांगितलेत, त्यात भयानक आहे. शृंगाराच्या आणि वीराच्या पंगतीत त्याचंही पान मांडलंय. भय वेगळं आणि भयानक रस वेगळा, हा भेद त्या लोकांना तेव्हाच कळला होता. भय वाट्याला येतं. रस चाखायचा असतो, आणि चाखायला माणूस थोडा लांब, सुरक्षित बसलेला लागतो. तुमच्या त्या सहकाऱ्याला हे ऐकवू नका, चहा पाजा. त्याने टोमणा चांगला मारलाय.

बिघाडाचं मात्र जरा सावकाश बोलू.

डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २०२० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. पैसे देऊन घाबरून घ्यायच्या एका 'भूतघरात' त्यांनी ११० माणसं सोडली, प्रत्येकाच्या हृदयाचे ठोके मोजले आणि नंतर मजा किती आली ते विचारलं. फार कमी घाबरलेल्यांना मजा आली नाही, फार जास्त घाबरलेल्यांनाही नाही. मध्ये कुठेतरी एक जागा निघाली जिथे भीती आणि मजा हातात हात घालून होती. तिखटाचं तसंच असतं, हे आपल्या येसर खाणाऱ्या लोकांना यंत्र न लावताही माहीत आहे. ज्याचं त्याचं माप वेगळं. तेव्हा भीतीत मजा वाटणं हा बिघाड नाही. माणसाच्या अंगात तशी सोयच आहे.

पण मी थांबले ती तुमच्या त्या एका ओळीपाशी. शेडच्या. तुम्ही ती ओळ घाईत लिहून पुढे गेलात, मला जाता येईना.

३० सप्टेंबर १९९३. गणपती बोळवून माणसं उशिरा झोपली होती आणि पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली. किल्लारीकडची घरं म्हणजे दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद. त्या भिंतींनी आणि माळवदांनीच झोपलेली माणसं गाडली. माझं सगळं लहानपण अशाच एका माळवदावर गेलं, अंबाजोगाईकडच्या एका गावात. उन्हाळ्यात अंथरुणं वर जायची, आत्या मध्ये बसायची, आणि भुतं एकेक करून चिंचेवरून खाली उतरायची. मुंजा, झोटिंग, खवीस. "गप की गं, ऐकू जाईल त्याला," असं ती म्हणाली की आम्ही पाच-सहा पोरं एकाच गोधडीत. मला भुताच्या गोष्टींचा नाद लागला तो तिथे, आणि आज विचार करते तेव्हा वाटतं, नाद भुताचा नव्हताच. आत्याच्या मांडीचा होता. भीती वाटली की सरकून जवळ जायची मुभा मिळायची; एरवी एवढ्या पोरांच्या घरात कुणाला जवळ घ्यायला वेळ होता?

तुम्हाला ते माळवद मिळालं नाही. तुमच्या वयाच्या पोरांना तिकडे छताखाली झोपायचीच भीती होती. आठवीतला एक मुलगा पत्र्याच्या शेडमध्ये बसून भुताचं पुस्तक वाचतोय, हे चित्र मी गेले दोन दिवस बघतेय. बाहेर खरी भीती आहे. तिचं कारण सांगता येत नाही, ती पुन्हा कधी येईल ते कळत नाही, तिला शेवटचं पान नाही. आणि हातातल्या भीतीला दोन पुठ्ठे आहेत. मिटलं की मिटली.

मी मानसोपचार शिकलेले नाही आणि पत्रावरून कुणाचं मन उकलावं हा आगाऊपणाच. चूक असेन तर सोडून द्या. पण तुम्ही ज्याला तीस वर्षं खोड समजून कव्हराखाली लपवलंत, ते त्या पोराने स्वतःला सावरायला शोधलेलं साधन असू शकतं, एवढा विचार करून बघा. जमलं तर मुलीलाही ते शेड सांगा. "मग हे कशाला वाचता?" याचं तुमच्याकडे असलेलं सगळ्यात खरं उत्तर तेच आहे, आणि तिने ते तुमच्या तोंडून बहुधा ऐकलेलं नाही.

याच कारणासाठी इतर वाचकांनाही सांगून ठेवते: ज्यांना ही चव नाही त्यांना ओढू नका. माझी एक मैत्रीण त्या भूकंपाच्या पट्ट्यातली. तिला सिनेमातलं एक दार करकरलेलं सहन होत नाही. पूर्वी आम्ही हसायचो, आता हसत नाही. जे पुस्तक एकाला आधार, तेच दुसऱ्याला जखमेवर बोट.

आता मुलगी. तुम्ही विचारता, थांबवू का. मला वाटतं तुम्ही चुकीच्या जागी बोट ठेवलंय. ती पुस्तकामुळे घाबरली असं तुम्ही धरून चाललात. मला वाटतं ती लपून वाचल्यामुळे घाबरली. पुस्तक चोरून काढलेलं, म्हणजे मध्येच धस्स झालं तरी कुणाला सांगायची सोय नाही. ती अंधारीत एकटी शिरली, गुरुजी. हात सुटलेल्या त्या मुलीसारखी. आणि कप्पा लपवून ठेवायचा धडा तिने कुणाकडून घेतला, हे मी लिहायला नको.

मलाही असा एक महिना माहीत आहे. नववीत असताना आमच्या तालुक्याच्या गावी दिवसाला चार आणे भाडं घेणारी एक खासगी लायब्ररी होती. तिथून आणलेल्या एका भयकादंबरीची शेवटची पानंच कुणीतरी फाडलेली. नायक तळघराची पायरी उतरतोय आणि पुढे नुसती शिलाईची दोरी. घरी सांगायची चोरी, कारण पुस्तक भूमितीच्या वहीत घालून वाचलेलं. आठ रात्री मी त्या पायरीवर होते. शेवटी न राहवून लायब्ररीवाल्या काकांना विचारलं. ते दाणे खात होते. सालं फुंकत फुंकत म्हणाले, "काही नाही गं, खाली त्याचा भाऊच असतो. जिवंत." संपलं. त्या रात्री ढाराढूर झोपले. आणि दुसऱ्या दिवशी, बघा, दुसरं पुस्तक आणायला गेले.

तेव्हा पहिलं काम म्हणजे तिने वाचलेल्या दोन गोष्टींचे शेवट तिच्याशी बोला. कुठे धस्स झालं ते विचारा, आणि तुम्हाला त्या वयात कुठे झालं होतं तेही सांगा. "त्यात काय घाबरायचं, भूत नसतं" हे वाक्य मात्र तोंडातून येऊ देऊ नका. ते तिला ठाऊकच आहे. तिच्या डोक्याला ठाऊक आहे, पोटाला अजून कळायचंय. दिवा हवा तर राहू दे. आजी सोबत जातात तर जाऊ देत, फक्त कुणी चिडवू नका, आणि "अभ्यास कर नाहीतर ते येईल" असली धमकी तर घरात कुणी कधीच देऊ नका. खेळातली भीती शिस्तीसाठी वापरली की ती खेळातली राहत नाही.

मग एकत्र वाचा, मोठ्याने, दिवसाउजेडी, छोट्या कथा. कादंबऱ्या नंतर. "बास" म्हणायचा अधिकार तिचा. कुठल्याही ओळीवर म्हणाली तरी पुस्तक मिटायचं, का ते विचारायचं नाही. त्या साठांतली काही पुस्तकं बारा वर्षांच्या पोरीची नाहीत, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असेल. बाईच्या देहाची विटंबना करूनच ज्यांना भीती उभी करता येते ती तर मला पन्नाशीतही नको असतात. ती वरच्या कप्प्यात ठेवा आणि तिला सरळ सांगा की ही चार वर्षांनी. लपवणं वेगळं, वेळ सांगणं वेगळं. तिच्या आईला या वाचनात बसवा, निदान एकदा. "घराबाहेर काढा" यामागे पुस्तकांचा राग असेलच असं नाही. रात्री दोनदा उठावं त्यांना लागतं.

मोबाईलचं थोडक्यात: कमीच. पुस्तकात भूत किती मोठं करायचं ते वाचणारा ठरवतो, आपल्याला झेपेल एवढंच करतो. पडद्यावर दुसऱ्याने ठरवलेलं अंगावर येतं. त्यातही 'सत्यघटना' असा शिक्का मारून फिरणाऱ्या त्या अर्ध्या मिनिटाच्या चित्रफिती तर तिच्यासोबत बसून तुम्हीच फोडा. तुमचा हातखंडा आहे तो.

तीन-चार आठवड्यांनंतरही झोप येत नसेल, जेवण उडालं असेल, शाळा नको म्हणत असेल, तर मात्र गोष्ट पुस्तकाची नाही. बालरोगतज्ज्ञांना दाखवा, किंवा १४४१६ या सरकारच्या टेलिमानस, म्हणजे मानसिक आरोग्याच्या मदत क्रमांकावर बोला. फोनला पैसे पडत नाहीत. चार रात्रींवरून मला तसं काही वाटत नाही.

एका बाबतीत मात्र तुमची काळजी रास्त आहे. तुमच्या-माझ्या भागात भानामती हा नुसता गोष्टीतला शब्द नाही. या शब्दाने बायकांची घरं उठलीत, कुणाला वाळीत टाकलंय, कुणाला मारलंय. जादूटोण्याविरुद्धचा २०१३ चा कायदा आला त्याच्या मागे हे सगळं आहे, आणि 'अमकी करणी करते' म्हणून एखादीला छळणं हा त्यात गुन्हा आहे, हे तुम्ही गावोगाव सांगतच असाल. म्हणून घरापुरती एक रेघ मारा. भूत पिंपळावरचं असेल, पडक्या वाड्यातलं असेल तर खुशाल येऊ द्या. पण ज्या गोष्टीतली चेटकीण पलीकडच्या आळीत राहते, तिला नाव आहे, पत्ता आहे, ती गोष्ट नव्हे. तो आरोप. तो वाचतानाही ओळखता यायला हवा, आणि बारा वर्षांच्या मुलीला हा फरक नक्की कळतो. कुणी दाखवला तर.

तो कसा दाखवायचा, तर वेताळासारखा. वेताळाच्या गोष्टी मूळ कुठल्या ते तुमच्या वर्गाला सांगता की नाही? सोमदेवाच्या कथासरित्सागरात, म्हणजे ११व्या शतकात काश्मीरमध्ये लिहिलेल्या ग्रंथात, प्रेत खांद्यावर घेऊन चालणारा राजा त्रिविक्रमसेन हा गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानचा. आपल्या पैठणचा! आणि त्या ग्रंथाचं मूळ ज्या बृहत्कथेत, ती रचणारा गुणाढ्य सातवाहनाच्या दरबारातला. कथा अशी की पैजेपायी त्याने संस्कृत, प्राकृत आणि देशी बोली, तिन्ही सोडल्या, विंध्याच्या रानात जाऊन पिशाचांची भाषा शिकला, एका पिशाचाकडून गोष्टी ऐकल्या आणि शाई नव्हती म्हणून स्वतःच्या रक्ताने सात लाख श्लोक लिहिले. राजाने ते नाकारले. मग डोंगरावर बसून तो एकेक पान वाचायचा आणि आगीत टाकायचा, आणि रानातली जनावरं चरणं सोडून, डोळ्यांत पाणी आणून ऐकत बसायची. न चरल्यामुळे ती वाळली, राजाच्या ताटातलं मांस चिवट झालं, तेव्हा कुठे राजा धावत आला. तोवर सहा लाख जळाले होते. भुताच्या भाषेतली पुस्तकं घराबाहेर काढायचा विचार गोदाकाठी याआधीही झालाय म्हणायचा.

वेताळ नुसता घाबरवत नाही. गोष्ट संपली की प्रश्न टाकतो: सांग, यात दोष कुणाचा? माहीत असून बोलला नाहीस तर डोक्याची शकलं होतील. तुम्हीही विचारा. हे भूत झालं कोण? का झालं? हडळ कोण, तर लोक सांगतात बाळंतपणात गेलेली बाई. मुंजा कोण, तर मुंज होऊन लग्नाआधी गेलेलं पोर. आत्याने सांगितलेल्या भुतांची यादी मी एकदा कागदावर लिहून काढली, तर ती एका गावातल्या अकाली मरणांची यादी निघाली. दवाखाना लांब असलेल्या गावाची. ती यादी समोर आल्यावर तुमची मुलगी हडळीला घाबरेल की तिच्याबद्दल हळहळेल, मला सांगता येत नाही. पण शेजारच्या एखाद्या म्हातारीला हडळ म्हणायला तिची जीभ उचलणार नाही.

शेवटी एक प्रयोग सुचवते, तुमच्या पेटीत तो बहुधा नाही. आपल्याकडे रात्रीच्या लाईटीला दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला गेलेल्या माणसाला चकवा लागतो. पहाटेपर्यंत चालतो आणि फिरून त्याच बाभळीपाशी येतो. माझ्या आजोबांना लागला होता, असं ते छातीठोक सांगायचे. त्यावरचा उपाय, जागच्या जागी बसून राहायचं, तांबडं फुटेपर्यंत. २००९ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी माणसं जंगलात आणि सहाराच्या वाळवंटात चालायला सोडली आणि ती कुठे जातात ते जीपीएसवर नोंदवलं. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर ती सरळ गेली; ढग आले, चंद्र मावळला, की वळू लागली. डोळे बांधले तेव्हा तर लहान लहान वर्तुळांत फिरली. आपल्याला वाटत राहतं की सरळ चाललोय. आजोबांचं बसून राहणं अगदी बरोबर होतं.

तर रविवारी शाळेच्या मैदानावर फक्कीने एक लांब रेघ मारा, मुलीच्या डोळ्यांना रुमाल बांधा आणि तिला रेघेवरून सरळ चालायला सांगा. मागून कुणीतरी तिच्या पावलांवर फक्की टाकत जा. रुमाल सोडल्यावर आपली वाट कुठल्या कुठे गेलीय ते तिला स्वतःच बघू द्या. मग तिलाही तुमच्या डोळ्यांना रुमाल बांधू द्या.

आणि त्याच रात्री, जेवणं झाल्यावर, गच्चीवर अंथरूण टाकून तुमच्या आईंना चकव्याची गोष्ट सांगायला लावा. क्रम तोच ठेवा, आधी प्रयोग आणि मग गोष्ट. आजी सांगत असताना मध्येच "पण दुपारी आपण पाहिलं ना" असं म्हणू नका; तो मोह तुम्हाला होणार, मास्तर आहात. गप्प ऐका. मुलगी सरकून कुणाच्या जवळ जाते तेवढं बघा, आणि मला कळवा.